दक्षिणेपासून हक्कापर्यंत: शिष्यवृत्तीची मराठी कहाणी

या मालिकेत आपण एरवी लढायांबद्दल, किल्ल्यांबद्दल आणि पलटणींबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. गरीब घरातला हुशार मुलगा किंवा मुलगी कॉलेजात जाते, तेव्हा तिची फी कोण भरतं? हा प्रश्न दर जून-जुलैमध्ये लाखो घरांत विचारला जातो. आपल्याला वाटतं की शिष्यवृत्ती ही सरकारी संकेतस्थळावरची, आत्ताआत्ताची गोष्ट आहे. प्रत्यक्षात तिला निदान दोनशे वर्षांचा मराठी इतिहास आहे. तो ठाऊक असला की आजचा अर्ज भरतानासुद्धा त्यातल्या रकान्यांचा अर्थ कळतो.

सुरुवात मी लखनौपासून करणार आहे. निवृत्तीनंतर मी इथल्या महानगर वस्तीत राहतो. गोमतीच्या उत्तरेला आमची वस्ती. जवळच बादशाहबागेत लखनौ विद्यापीठ आहे आणि नदी ओलांडून पलीकडे गेलं की कैसरबागेत भातखंडे संस्कृती विद्यापीठ. या दोन्ही ठिकाणी एका काळात दोन मराठी माणसं प्रमुखपदावर होती. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९३२ ते १९३८ या काळात लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. आणि त्याच सुमारास पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर कैसरबागेतल्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली उभं केलेलं संगीताचं कॉलेज ते हेच.

या दोघांत आणखी एक साम्य आहे. दोघेही शिष्यवृत्तीवर घडले. परांजपे कोकणातल्या मुर्डी गावचे, महर्षी कर्व्यांच्या नात्यातले. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १८९६ साली केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. गणितातला तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. रातंजनकरांना भातखंड्यांच्या मार्गदर्शनामुळे बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे गाणं शिकता आलं. पुढे त्याच रातंजनकरांच्या लखनौच्या घरी बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा एक अकरा वर्षांचा मुलगा १९३६ मध्ये राहायला आला. तो म्हणजे पंडित के. जी. गिंडे. शिष्यवृत्तीवर शिकलेला माणूस पुढे स्वतःच दुसऱ्याची शिष्यवृत्ती होतो, तो असा.

आता मागे जाऊ. पुण्यात पेशवाईच्या काळात श्रावण महिन्यात दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा मुळात तळेगावच्या सेनापती दाभाड्यांकडची. ती पुढे पेशव्यांनी पुण्याला आणली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशोदेशीचे ब्राह्मण जमत आणि त्यांना रोख रक्कम दिली जाई. विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांचा जास्त सन्मान होई, पण एकंदरीत ते दान होतं. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला पैसा. शिकण्याची अट त्यात फारशी नव्हती आणि ब्राह्मणेतरांना तर दारच बंद होतं.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. पुण्याचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. दक्षिणा एकदम बंद केली तर लोक बिथरतील, हे त्या चतुर माणसाला कळत होतं. म्हणून त्याने रक्कम कापली, पण प्रथा चालू ठेवली. वर्षाला सुमारे ५०,००० रुपये तिच्यासाठी राहिले. त्यातलाच काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. दानाचा पैसा शिक्षणाकडे वळला, तो इथे.

पुढची लढाई आपल्याच लोकांनी लढली. १८४९ साली गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, आणि त्यांच्याबरोबरच्या काही तरुण सुधारकांनी सरकारला अर्ज केला. दक्षिणेचा पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा आणि त्यात जातीची अट नसावी, ही त्यांची मागणी होती. पुण्यातला सनातनी वर्ग खवळला. अर्जदारांना मारहाणीची धमकी होती. त्या वेळी जोतीराव फुले आपले साथीदार घेऊन त्यांच्या संरक्षणाला उभे राहिले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. लक्षात घ्या, त्या यादीत फुल्यांचा स्वतःचा काही लाभ नव्हता. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली.

याच निधीतून पुढे कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली, त्यात २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. झाले, त्यांतही हे दोघे होते. आणि हे दोघेही दक्षिणा फेलो होते. श्रावणात रमण्यावर वाटल्या जाणाऱ्या पैशाचा प्रवास चाळीस-पन्नास वर्षांत न्यायमूर्ती रानड्यांच्या शिक्षणापर्यंत आला.

इथे आपण टाळ्या वाजवून थांबलो असतो. जोतीराव थांबले नाहीत. १८८२ साली हंटर शिक्षण आयोग पुण्याला आला, तेव्हा त्यांनी आयोगाला निवेदन दिलं. त्यात शिष्यवृत्तीबद्दल एक मुद्दा आहे, तो प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: सरकारी शिष्यवृत्त्या स्पर्धा परीक्षेने दिल्या जातात. वरवर पाहता ते न्याय्य वाटतं. पण ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे, त्यांचीच मुलं त्या स्पर्धेत पुढे येतात. ज्या वर्गांत शिक्षण पोचलंच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

सैन्यातल्या भाषेत सांगतो. धावण्याच्या शर्यतीत सगळ्यांना एकच शिट्टी वाजवली, पण एकाच्या पाठीवर वीस किलोचा पिठ्ठू आहे आणि दुसऱ्याच्या पाठीवर काहीच नाही, तर शिट्टी एकच आहे म्हणून शर्यत समान होत नाही. आज शिष्यवृत्तीच्या अर्जात आपण ‘प्रवर्ग’ आणि ‘कौटुंबिक उत्पन्न’ हे दोन रकाने भरतो. त्यांच्यामागचा विचार १८८२ मध्ये पुण्यात स्पष्टपणे मांडला गेला होता.

याचा अर्थ गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या वाईट होत्या असं नाही. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. रोह्याकडचे चिंतामणराव देशमुख यांनी ती १९१२ मध्ये मिळवली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी सुरू केला. तो त्यांनी कर्ज-शिष्यवृत्तीच्या स्वरूपात ठेवला. कमावू लागलात की परत करा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला मिळेल. त्या निधीच्या अगदी पहिल्या लाभार्थी दोन स्त्री डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापुरात रुग्णांची सेवा केली. विसाव्या शतकाच्या तोंडावर एक मराठी बाई शिष्यवृत्तीवर विलायतेत वैद्यक शिकायला जाते, ही घटना आपण शाळेत का शिकत नाही, कोण जाणे.

फी हा शिक्षणाच्या खर्चाचा एक भाग झाला. राहायचं कुठे आणि जेवायचं काय, हा दुसरा भाग, आणि तो बहुतेक वेळा मोठा असतो. पुण्यात गरीब ब्राह्मण मुलं माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. हा आधार जातीच्या नात्यावर उभा होता. बहुजन समाजातल्या किंवा अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला शहरात वार कोण लावणार?

याचं उत्तर राजर्षी शाहू महाराजांनी दिलं. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. मग एकापाठोपाठ एक जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, वार्षिक नेमणुका दिल्या. पुढे रयत शिक्षण संस्था काढून कर्मवीर भाऊराव पाटलांनी हीच वाट धरली. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात संस्थेची सुरुवात झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह आलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. वसतिगृहातल्या मुलांची चूल पेटती राहावी म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. १९४७ मध्ये साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना तिथे नावारूपाला आली. सकाळी शेतात काम आणि दुपारी वर्ग. पैसा नसलेल्या मुलाने आपल्या श्रमाने फी भरायची. त्यात दयेचा वास नव्हता, म्हणून ती मुलं ताठ मानेने शिकली.

आता या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा अध्याय. रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि महूच्या छावणीत लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्या काळच्या सैन्यात शिपायांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय होती. म्हणजे जे शिक्षण गावात मिळणं अशक्य होतं ते पलटणीत मिळत होतं. रामजींच्या धाकट्या मुलाने, भीमरावाने, १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक केलं. पुढे काय? घरची परिस्थिती बेताची. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी पुढाकार घेतला आणि सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्यावर बी. ए. झालं.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी गेले. त्याच वर्षी ४ जूनला भीमरावांनी बडोदे संस्थानाशी करार केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंड मिळणार आणि शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची. शिष्यवृत्ती इथे कराराच्या रूपात येते.

याच्या शेजारी परांजप्यांची गोष्ट ठेवून पाहा. त्यांनी केंब्रिजला जाताना डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता, परत आल्यावर आजीव सदस्य होऊन वीस वर्षं अल्प वेतनावर शिकवीन. ते आले, १९०२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि शब्द पाळला. त्यांना पुण्यात राहायला घर मिळालं, बसायला खुर्ची मिळाली आणि गावाने पालखी उचलावी तसा मान मिळाला.

भीमरावही शब्द पाळायला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. नेमणूक होती महाराजांच्या लष्करी सचिवाची. आमच्या पेशातल्या माणसाला हे पद म्हणजे काय ते लगेच कळेल. पण त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत. गावात कोणी खोली देईना. एका पारशी पथिकाश्रमात ते नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. ते बडोदे सोडून मुंबईला परतले.

या प्रसंगाकडे मी नेहमी शिष्यवृत्तीच्या बाजूने पाहतो. देणाऱ्या राजाच्या मनात खोट नव्हती. घेणाऱ्याच्या बुद्धीत आणि प्रामाणिकपणात काही कमी नव्हतं. करार चोख होता. तरीही तो मोडला, कारण फी भरणारी यंत्रणा होती, पण माणसाला राहायला जागा देणारा समाज नव्हता. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पैसे अशी जुळवाजुळव करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये तिथली डी. एस्सी. मिळवली. एका पदवीमागे संस्थान, दुसरं संस्थान, स्वतःचा पगार आणि मित्राचं कर्ज असे चार झरे होते. आजही कॉलेजचा खर्च भागवताना बहुतेक घरांत असंच होतं. एका शिष्यवृत्तीत सगळं बसत नाही.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या प्रश्नांचं निवेदन सरकारला दिलं. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. सरकार मोठ्या विद्यापीठांना अनुदान देतं, मग या समाजाच्या उच्च शिक्षणासाठी तशीच रक्कम का नको? त्यातून वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. ज्या माणसाने राजाच्या मर्जीवरची शिष्यवृत्ती घेतली, त्यानेच पुढच्या पिढ्यांसाठी मर्जीचा भाग काढून टाकला. अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मिळेल, गुरुजींच्या ओळखीची गरज नाही. आपल्या कहाणीत दानाचा हक्क होतो तो इथे. ८० वर्षं झाली, ती योजना आजही चालू आहे.

आर्थिक निकषाचा धागा महाराष्ट्रात आणखी पुढे गेला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फी माफी मिळाली, तीच ती ‘ई. बी. सी.’ सवलत. माझ्या वयाच्या कितीतरी लोकांच्या घरात पहिला पदवीधर तिच्यामुळे झाला. आज तिचा वारसा राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत दिसतो. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना महाराष्ट्रात पूर्ण माफी आहे.

आता माझ्या घरचा विषय, फौजेचा. १९७१ च्या युद्धानंतर, १८ डिसेंबरला लोकसभेत एक घोषणा झाली. युद्धात मारले गेलेले, बेपत्ता झालेले किंवा कायमचे अपंग झालेले जवान आणि अधिकारी यांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलेल. १९७२ मध्ये ती योजना लागू झाली. २०१७ मध्ये तिच्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. देशभर नाराजी उमटली आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा काढण्यात आली. हक्क कागदावर आला म्हणजे काम संपलं असं होत नाही, त्याची राखण करावी लागते, याचं हे ताजं उदाहरण.

दुसरी योजना पंतप्रधान शिष्यवृत्ती. ती २००६-०७ पासून केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत चालते आणि तिचा पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. माजी सैनिक आणि तटरक्षक दलातले माजी कर्मचारी यांची मुलं व विधवा यांच्यासाठी ती आहे. २०१९ पासून मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. वर्षाला ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलींसाठी. पहिल्या व्यावसायिक पदवीला प्रवेश हवा आणि बारावीला किमान ६० टक्के हवेत. सेवेत असलेल्या जवानाच्या मुलांना ती लागू नाही, हे अनेकांना माहीत नसतं. अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा आधी तिथे जा.

मंडळी, इथवरचा इतिहास सांगण्यामागे माझा एक हिशेब आहे. कोणतीही शिष्यवृत्ती समोर आली की तिला चार प्रश्न विचारायचे. देतं कोण? कोणाला देतं? बदल्यात काय मागतं? आणि पैसे कधी येतात? दक्षिणेपासून आजपर्यंत प्रत्येक व्यवस्था या चार प्रश्नांवरच तपासता येते.

पहिला प्रश्न, देतं कोण. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा कळीचा मुद्दा आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही केंद्र आणि राज्य मिळून देतात. अनुसूचित जातींच्या बाबतीत २०२१ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे, ईशान्येकडच्या राज्यांचं प्रमाण वेगळं. पण अर्ज करायचा तो अधिवास असलेल्या राज्याकडे. लातूरची मुलगी लखनौला शिकायला आली तर तिने अर्ज महाराष्ट्राकडे करायचा. लखनौतच वाढलेल्या, इथला अधिवास असलेल्या मराठी मुलाने उत्तर प्रदेशाच्या समाजकल्याण विभागाकडे करायचा. आडनाव मराठी आहे म्हणून महाडीबीटीवर अर्ज चालत नाही. शिवाय जातींच्या याद्या राज्यवार वेगळ्या आहेत. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं आहे की एका राज्यातला अनुसूचित जातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर आपोआप लागू होत नाही. म्हणून बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांनी हा निर्णय मुलं नववी-दहावीत असतानाच घ्यावा: आपला अधिवास कुठला? कागद कुठल्या राज्यात तयार करायचे? सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात व्यावसायिक प्रवेशाची वेगळी तरतूद आहे. तिची माहिती घ्यावी.

दुसरा प्रश्न, कोणाला. इथे उत्पन्नाची मर्यादा नीट वाचा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा आहे, तर महाराष्ट्राच्या शुल्क योजनेला ८ लाखांची. एका योजनेत नापास ठरलेलं कुटुंब दुसरीत बसू शकतं. तहसीलदाराचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा लागतो, हेही तपासा.

तिसरा प्रश्न, बदल्यात काय. आज दहा वर्षांच्या नोकरीचा करार क्वचित असतो. पण हजेरीची अट असते, दरवर्षी उत्तीर्ण होण्याची असते, नूतनीकरणाची असते. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली की घरचे निर्धास्त होतात आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज राहून जातो. हे मी इथल्या निवृत्त जवानांच्या घरांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कर्ज असेल तर व्याज कोण भरतं, कधीपासून, हेही विचारा. टाटांच्या निधीपासून कर्ज आणि शिष्यवृत्ती ही सख्खी भावंडं आहेत, पण ती एक नव्हेत.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड: पैसे कधी येतात? कॉलेज फी मागतं प्रवेशाच्या दिवशी आणि शिष्यवृत्ती येते कित्येक महिन्यांनी. मधल्या काळात गरीब बाप सावकाराकडे जातो किंवा मुलगी प्रवेश सोडते. फौजेत म्हण नाही, पण नियम आहे: रसद वेळेवर पोचली नाही तर ती पोचली असं धरत नाहीत. केंद्राच्या सुधारित नियमांत अनुसूचित जातींच्या पात्र विद्यार्थ्यांसाठी ‘फ्रीशिप कार्ड’ची तरतूद आहे. ते दाखवलं की आगाऊ फी न भरता प्रवेश मिळायला हवा. तुमच्या राज्यात ते कार्ड कोण देतं ते प्रवेशाच्या आधी विचारा. आणि एक साधी गोष्ट: पैसे थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. खातं मुलाच्याच नावाचं हवं, चालू हवं आणि आधारशी जोडलेलं आहे की नाही ते बँकेत जाऊन पाहायला हवं. एवढ्या एका कारणाने मंजूर झालेली रक्कम अडकून पडते.

काही लोक मला म्हणतात, ‘साहेब, एवढे कागद, एवढ्या खेपा, त्यापेक्षा मुलाने सरळ नोकरी धरावी.’ त्यांची चिडचिड खोटी नाही. पण २५ रुपयांच्या त्या शिष्यवृत्तीसाठी केळुसकर गुरुजींनी राजाकडे शब्द टाकला नसता, तर पुढचं काय काय घडलं नसतं, याचा हिशेब कोणी करू शकेल का? गुरुजी श्रीमंत नव्हते. त्यांनी स्वतःच्या खिशातून फी भरली नाही. एका हुशार मुलाला योग्य दारापर्यंत त्यांनी नेलं, एवढंच.

आज राजाचं दार नाही, संकेतस्थळ आहे. पण त्या दारापर्यंत नेणारा माणूस अजूनही लागतो. ज्या घरात आजवर कोणी कॉलेज पाहिलेलं नाही, तिथे ‘अधिवास’, ‘बोनाफाईड’, ‘नॉन-क्रिमिलेयर’ हे शब्दच भिंतीसारखे उभे राहतात. जोतीरावांनी १८८२ मध्ये मांडलेला मुद्दा इथे पुन्हा खरा ठरतो: ज्यांना वाट माहीत आहे तेच पोचतात.

म्हणून या भागाच्या शेवटी एकच विनंती. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी, सोसायटीच्या रखवालदाराचा मुलगा, गावाकडच्या भावकीतलं कोणी पोर यंदा बारावीला असेल, तर एक रविवार त्यांना द्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, बँकेचं खातं, एवढ्या चार गोष्टी आत्ताच तपासून घ्या. निकालानंतर तहसील कार्यालयात रांगा लागतात. अर्ज भरून झाला की त्याची प्रत काढून त्यांच्या हातात द्या आणि नूतनीकरणाचा महिना भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून या.